‘माणूस’ आणि ‘माणसे’ : पोलिश भाषांतरातील एक पेच

‘ह्युमॅनिटेरियन ग्राउंड्स’ हे शब्द असलेली एखादी तरी फाईल आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावरून गेलेली असते. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कोणाच्या मुलाचे शालान्त परीक्षेचे वर्ष असते, आणि बदलीसंबंधी ‘मानवतेच्या दृष्टीने’ विचार व्हावा अशी अर्जदाराची विनंती असते. टिपणीचे भाषांतर करताना ‘मानवता’ हा शब्द आपण बिनदिक्कत लिहून टाकतो. त्याच दिवशी वर्तमानपत्रात एखाद्या युद्धासंबंधी ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ असे शब्द वाचनात येतात. ही मानवता आणि ती मानवता एकच काय, असा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. इंग्रजीतील ‘ह्युमॅनिटी’ या शब्दाने तो झाकून ठेवला आहे, आणि आपण ते झाकण तसेच उचलून आपल्या भाषेवर बसवले आहे. पोलिश भाषेत मात्र भाषांतरकाराला हा प्रश्न टाळता येत नाही. त्या भाषेला तो कसा पडतो, हे पाहणे आपल्यालाही उपयोगाचे ठरेल असे वाटते.

या भाषेशी माझा संबंध कसा आला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मी कोल्हापूरकडचा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो, आणि दिल्लीस बदली झाल्यावर फावल्या वेळात ती भाषा शिकू लागलो. तेव्हा हा लेख पंडिताचा नव्हे, विद्यार्थ्याचा आहे.

पोलिशमध्ये एका माणसाला ‘च्वोव्येक’ म्हणतात. स्त्री असो वा पुरुष, शब्द तोच. केवळ पुरुषासाठी ‘मेंश्चिज्ना’ आणि स्त्रीसाठी ‘कोब्येता’ हे शब्द निराळे आहेत. परंतु माणसे अनेक झाली की ‘च्वोव्येक’ हा शब्दच सरतो आणि अगदी वेगळ्या धातूपासून आलेला ‘लुज्ये’ हा शब्द येतो. ‘माणूस’ आणि ‘माणसे’ यांत आपल्याला जे नाते डोळ्यांना दिसते, ते पोलिश शब्दांत दिसत नाही. खरी मौज पुढेच आहे. एकवचनावरून ‘च्वोव्येचेन्स्त्वो’ असे भाववाचक नाम झाले. त्याचा अर्थ माणूसपण, माणुसकी. अनेकवचनावरून ‘लुत्स्कोश्च’ हे नाम झाले. त्याचा आजचा प्रमुख अर्थ मानवजात, सारी माणसे मिळून. म्हणजे इंग्रजीतील एका ‘ह्युमॅनिटी’चे पोलिशमध्ये दोन भाग पडतात : अंगी असलेला गुण एकट्या माणसाकडे जातो आणि समूह अनेकांकडे. विद्याशाखा या अर्थाचा तिसरा भाग ‘हुमानिस्तिका’ या लॅटिनोद्भव शब्दाकडे सोपवलेला आहे. एखाद्या इंग्रज लेखकाने ‘ह्युमॅनिटी’ लिहिताना दोन्ही अर्थ हेतुपुरस्सर मिसळले असतील, तर पोलिश भाषांतरकाराला त्यांतला एक सोडावाच लागतो.

याचे पहिले उदाहरण संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे. त्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. ते बदलून ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’ व्हावेत म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची आहे. परंतु पोलिशमध्ये जुने शब्द घेतले काय आणि नवे घेतले काय, सामान्यतः भाषांतर एकच होते : सर्व ‘लुज्ये’. जो शब्द इंग्रजीला वाद घालून मिळवावा लागला, तो पोलिशच्या घरात आधीपासूनच होता. मात्र एवढ्यावरून ती भाषा अधिक न्यायी ठरत नाही. ‘मुक्त’ या अर्थाचे विशेषण केवळ स्त्रियांविषयी असेल तर ‘व्होल्ने’ होते. त्या समूहात एक जरी पुरुष आला तरी ते ‘व्होल्नी’ होते. म्हणजे नामाने जी समता दिली ती विशेषणाने काढून घेतली. शिवाय, हंसा मेहता यांनी काय मिळवले त्याची खूणही पोलिश पाठात उरत नाही. भाषांतर निर्दोष असूनही त्यातून इतिहास गळून जाऊ शकतो, तो असा.

‘मानवी हक्क’ या शब्दप्रयोगासाठी पोलिशने ‘प्रावा च्वोव्येका’, अर्थात माणसाचे हक्क, असे एकवचन पत्करले आहे. उलट, ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ या संज्ञेत ‘लुत्स्कोश्च’ हा समूहवाचक शब्द आहे. हक्क एकट्याचे आणि अपराध सर्वांविरुद्ध, अशी ही वाटणी आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच धातू असल्यामुळे ती लक्षात येत नाही. ही निवड किती गंभीर आहे ते जर्मन भाषेकडे पाहिले म्हणजे कळते. १९४५ च्या न्यूरेंबर्ग सनदेतील या संज्ञेचे जर्मन भाषांतर करताना मानवजातीऐवजी माणुसकीचा वाचक असलेला शब्द वापरला गेला. हॅना आरेण्ट यांनी १९६३ मध्ये आइखमनच्या खटल्यावरील आपल्या ग्रंथात त्यावर कठोर टीका केली. नाझींच्या अंगी केवळ दयाळूपणा कमी पडला, असा अर्थ त्यातून निघतो, हा त्यांचा आक्षेप होता. या कसोटीवर पोलिश संज्ञा उतरते. शिवाय ‘लुत्स्कोश्च’ या शब्दाला सहृदयता असाही एक जुना अर्थ आहे. तो आज मागे पडला असला, तरी जाणत्या वाचकाच्या कानी त्याचा क्षीण प्रतिध्वनी येतोच. माझ्या मते येथे पोलिश भाषांतर मूळ इंग्रजीहून सरस आहे.

हाच न्याय ‘जेनोसाइड’ या शब्दाला लावता येत नाही. तो राफाल लेमकिन या पोलंडच्या कायदेपंडिताने १९४४ मध्ये घडवला आणि त्यात वंशवाचक ग्रीक शब्द हेतुतः ठेवला. पोलिश ‘लुदोबुय्स्त्वो’मध्ये त्या जागी ‘लुद’ म्हणजे लोक हा शब्द आला. शब्द बोलका झाला, परंतु एका विशिष्ट समाजाचा समूळ उच्छेद हा नेमका अर्थ सैल होऊन ‘पुष्कळ लोकांची हत्या’ असे ऐकू येऊ लागले. लेमकिनच्याच मातृभूमीत त्याच्या शब्दाची धार थोडी बोथट व्हावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

वाङ्मयात हा पेच अधिकच सूक्ष्म होतो. जन्माने पोलिश असूनही इंग्रजीत लिहिणाऱ्या जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कथा १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा पोलिश अनुवाद आनिएला झागुर्स्का यांनी १९३० मध्ये केला आणि त्यानंतर आणखीही अनुवाद झाले. नदीतून जाताना काठावरचे आफ्रिकी लोक पाहून निवेदकाच्या मनात एक अस्वस्थ करणारा संशय येतो : हे लोक कदाचित ‘अमानव’ नसतीलच. येथे ‘इनह्युमन’ या शब्दाचा अर्थ ‘मनुष्यकोटीबाहेरचा’ असा आहे. पोलिशमधील सरळ प्रतिशब्द ‘न्येलुत्स्की’. परंतु तो ऐकताच वाचकाच्या मनात आधी क्रौर्य येते, कारण ‘लुत्स्की’ या एकाच विशेषणात मानवी आणि माणुसकीचा असे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हा ‘हे लोक क्रूर नसतील’ असा भलताच सौम्य विचार निवेदकाच्या माथी बसण्याचा धोका आहे. अशा ठिकाणी, एक शब्द अधिक खर्ची पडला तरी चालेल, पण ‘हीही माणसेच’ हा अर्थ उघड करणे मला योग्य वाटते.

आणि ‘लुज्ये’ या साध्या शब्दात किती वजन आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने झोफिया नाल्कोव्स्का यांचे १९४६ चे ‘मेदालिओनी’ हे पुस्तक पाहावे. नाझी अत्याचारांच्या चौकशी आयोगावर त्यांनी काम केले होते. पुस्तकाच्या आरंभीच्या एका वाक्यात त्यांनी अत्याचार करणाऱ्यांसाठी आणि ते सोसणाऱ्यांसाठी हाच एक शब्द दोनदा योजला आहे. राक्षस, पशू असे शब्द त्यांना सहज मिळाले असते. त्यांनी ते घेतले नाहीत.

आता पुन्हा आपल्या फाइलीकडे येऊ. पोलिश कचेऱ्यांतही अशा अर्जांसाठी ‘हुमानितार्नी’ हे लॅटिन वळणाचे विशेषण आहे. मदतीच्या धान्याला आणि औषधांना ते शोभते. परंतु सामान्य पोलिश माणूस ‘पो लुत्स्कु’ म्हणजे ‘माणसासारखे वागवा’ असे म्हणतो. आपल्याकडेही ‘माणुसकी’ आणि ‘मानवजात’ हे दोन स्वच्छ शब्द असताना ‘मानवता’ या एकाच्या पोटात आपण दोन्ही कोंबतो. निदान पुढच्या टिपणीत, आजारी आईच्या मुलाविषयी लिहिताना, ‘माणुसकीच्या दृष्टीने’ असे मी लिहिणार आहे. वरिष्ठांनी त्यावर लाल रेघ मारली, तर कारण विचारण्याची माझी तयारी आहे.