परमुलखातील प्रेमकथा

पडद्यावरील प्रेमकथेत नायक-नायिकेच्या आड येणारी मंडळी आपल्याला आता पाठ झाली आहेत. श्रीमंत बाप, खाष्ट आत्या, मत्सरी मित्र. जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्कांच्या प्रेमकथा मी एकामागून एक पाहू लागलो, तेव्हा या मंडळींच्या मागे आणखी एक जण उभा दिसला. त्याला चेहरा नाही. तो म्हणजे भाषा. आईने ज्या भाषेत भरवले ती एक, आणि मुलगी शाळेत ज्या भाषेत हसायला शिकली ती दुसरी; या दोहोंच्या मधल्या फटीत हे चित्रपट घडतात. ज्यांना ही फट दिसली त्यांचे चित्रपट चांगले उतरले आहेत. ज्यांना फक्त खाष्ट बाप दिसला त्यांचे, माझ्या मते, फसले आहेत.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. कारखाने भरभराटीला आले होते आणि माणसे कमी पडत होती. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' असे गोंडस नाव मिळाले. पाहुण्याला पाळीवर राबवून घेण्याची ही तऱ्हा जगावेगळीच! पाहुणे काही वर्षांनी परत जातील अशी यजमानांची अपेक्षा होती आणि गंमत अशी, की पाहुण्यांचीही तीच होती. १९७३ साली भरती थांबली. आता गेलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत, या धास्तीने पुष्कळांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. कुटुंब आले म्हणजे लग्ने आली, मुलींची अब्रू आली, चार लोक काय म्हणतील हे आले. चित्रपटांना विषय मिळाला तो येथे.

हेल्मा सांडर्स-ब्राम्स या जर्मन दिग्दर्शिकेने १९७६ साली 'शिरिनचे लग्न' काढला. शिरीन-फरहादची कहाणी आपल्याकडेही माहीत आहे. ही शिरिन अनातोलियातील खेड्यातून आपल्या नियोजित वराला शोधीत कोलोन शहरी येते. त्याच्याआधी तिला कारखाना भेटतो, मग बेकारी, मग बाजार आणि शेवटी मरण. पडद्यामागून दिग्दर्शिका स्वतःच शिरिनशी बोलत राहते. हेतू अत्यंत सहृदय आहे. पण कळवळ्याचा हात सारखा खांद्यावर असला म्हणजे पात्राला मोकळेपणी हालता येत नाही.

याहून कितीतरी सरस आहे तो तेवफिक बाशेर या तुर्क दिग्दर्शकाचा १९८६ सालचा 'चाळीस चौरस मीटर जर्मनी'. दुर्सून आपल्या नव्या बायकोला, तुर्नाला, गावाहून हाम्बुर्गला आणतो आणि कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. खिडकीतून दिसेल तेवढाच तिचा परदेश. दुर्सून दुष्ट असता तर चित्रपट सोपा झाला असता. तो भ्यालेला आहे. बाहेरचे जग बाटवील या भयाने त्याने स्वतःभोवतीही कुलूप घातले आहे. अखेर फेफऱ्याच्या झटक्याने तो मरतो आणि त्याचे प्रेत दाराशीच आडवे पडते. ते सरकवल्याखेरीज तुर्नाला बाहेर पडता येत नाही. ओझाय फेश्त या नटीने हे काम इतक्या थोड्या शब्दांत केले आहे, की तिच्या गप्पपणाचाच आवाज येऊ लागतो.

मग आला हार्क बोम यांचा 'यासेमिन', १९८८ साली. हा लोकांना फार आवडला. सतरा वर्षांची हुशार मुलगी, भाजी-फळांचे दुकान चालवणारा प्रेमळ बाप, ज्यूदोच्या तालमीत भेटलेला यान नावाचा जर्मन मुलगा. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या रात्रीनंतर तिच्या शीलाविषयी शंका निघते आणि एका दिवसात प्रेमळ बापाचा पहारेकरी होतो. हे काम शेनेर शेन या नामांकित तुर्की नटाने केले आहे, म्हणून ते स्थित्यंतर आपण मानतो. शेवटी यान मोटारसायकलवरून येतो आणि यासेमिन त्याच्या मागे बसून निघून जाते. प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात अशी योजना आहे. मला मात्र त्या जागी रुखरुख लागली. घोड्यावरून येऊन राजकन्येला सोडवणारा राजपुत्र फक्त वाहन बदलून आला आहे, आणि राक्षसाच्या जागी सासरा बसवला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी या मुलीला आईची आठवण येईल तेव्हा ती कोणाजवळ बोलणार, आणि कोणत्या भाषेत? त्या मोटारसायकलवर तेवढी जागा दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

ती सकाळ दाखवण्याचे धैर्य फातिह आकिन यांनी केले. त्यांचा जन्म १९७३ साली हाम्बुर्गला, तुर्की आईबापांच्या पोटी. त्यांच्या 'गेगेन दी वांट' म्हणजे 'भिंतीवर' या चित्रपटाला २००४ साली बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. जर्मन चित्रपटाला तो मान अठरा वर्षांनी मिळत होता. हा चित्रपट मुलाबाळांना घेऊन पाहण्यासारखा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात दारू आहे, रक्त आहे, शिव्या आहेत. परंतु प्रौढांनी तो टाळू नये.

चाळिशीचा जाहित मोटार भिंतीवर घालून मरायला निघालेला. विशीतली सिबेल, हाताची शीर कापून घेतलेली. मनोरुग्णांच्या इस्पितळात ती त्याला विचारते, तू तुर्क आहेस ना? मग माझ्याशी लग्न कर. नवरा तुर्क असला की आईबाप सोडतील, मग आपण आपल्या वाटेने मोकळे. मुलगी मागायला जाण्याचा प्रसंग आपल्याकडील कोणत्याही दिवाणखान्यात घडावा इतका ओळखीचा आहे: इस्त्रीचे कपडे, उसना काका, मिठाईच्या जागी चॉकलेटचा डबा. तेथे मुलीचा भाऊ जाहितला खोचून विचारतो, तुझ्या तुर्कीचे काय झाले? ती टाकून दिली, असे तो सांगतो. सगळा चित्रपट या उत्तराची किंमत वसूल करतो.

कारण पुढे प्रेम उत्पन्न होते; तेही लग्नानंतर, आणि नको असताना. सिबेलवरून झालेल्या भांडणात जाहितच्या हातून एक माणूस मरतो. तो तुरुंगात जातो. अब्रू गेली म्हणून बाप लेकीची छायाचित्रे जाळतो आणि ती इस्तंबूलला पळते. सुटल्यावर जाहित तिला शोधीत तेथे येतो. तिची नात्यातील बहीण सेल्मा समोर बसली आहे. सिबेल नसती तर मी जगलो नसतो, हे त्याला सांगायचे आहे. तुर्कीत सुरुवात करतो, अडखळतो आणि इंग्रजीवर जातो. त्याची टाकून दिलेली भाषा त्या एका क्षणी हवी होती. दोघांचीही नसलेली तिसरी भाषा घेऊन तो काळीज उघडतो. बिरोल युनेल यांनी, ते २०२० साली वारले, हा प्रसंग डोळ्यांत पाणी न आणता केला आहे. या पंचवीस-तीस वर्षांच्या चित्रपटांत इतके खरे दुसरे काही मला आढळले नाही.

इस्तंबूलमध्ये सिबेलवर जे अत्याचार होतात ते मात्र मला अतिरेकी वाटतात. स्वातंत्र्य मागणाऱ्या मुलीला इतके बदडून मगच लेखक तिला शांत करतो, यात त्या भावाच्याच न्यायाचा थोडा वास येतो. सिबेल केकिल्लीने ती भूमिका जीव ओतून केली आहे म्हणून आपण सहन करतो. उलट, अधूनमधून पाण्याकाठी गालिचे अंथरून बसलेला वादकांचा ताफा आणि मधोमध गाणारी बाई ही कल्पना फार सुंदर आहे. जुने नाटक पाहणाऱ्याला सूत्रधाराची आणि नांदीची आठवण व्हावी. शेवटी ही मंडळी नमस्कार करून खेळ संपवतात. तत्पूर्वी जाहित आपल्या जन्मगावी मेर्सिनला जाणाऱ्या बसमध्ये एकटा बसलेला असतो. सिबेलने बॅग भरायला घेतली होती. शेजारच्या खोलीतून तिच्या लहान मुलीचा आवाज आला आणि हात थांबला.

केकिल्लीचाच 'परकी' हा २०१० सालचा चित्रपट प्रामाणिक आहे, पण तेथे शोकान्त आधी ठरला आणि माणसे नंतर आली. घरच्या सर्वांसह पाहायचाच असेल तर यासेमिन शामदेरेली यांचा २०११ सालचा 'आल्मान्या' पाहावा. त्यात जर्मन माणसे बोलतात ती निव्वळ अगम्य बडबड, आणि नव्याने आलेले तुर्क मात्र स्वच्छ जर्मन बोलतात! नव्या देशात आलेल्याच्या कानांनी जर्मन प्रेक्षकाला त्याचीच भाषा ऐकवली आहे. हसता हसता आजोबा मायदेशी वारतात आणि जर्मन नागरिक म्हणून त्यांच्या दफनालाच हरकत निघते.

आकिन यांनीच २००७ साली 'पलीकडच्या काठावर' केला. त्यातील नेजात हा जर्मन साहित्याचा प्राध्यापक. त्याच्या बापाच्या हातून एका बाईचा जीव गेला, तेव्हापासून तो बापाला तोडून बसला आहे. इस्तंबूलला त्याने जर्मन पुस्तकांचे दुकान घेतले आहे. ईदच्या दिवशी लेक गमावलेल्या एका जर्मन आईला तो इब्राहिमाने मुलाचा बळी द्यायला निघाल्याची कथा सांगतो. चिलयाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला ती परकी वाटू नये. लहानपणी ती ऐकून घाबरलेल्या नेजातने बापाला विचारले होते, तुम्ही असे कराल का? बाप म्हणाला होता, तुला वाचवण्यासाठी मी देवाशीही वैर घेईन. हे सांगता सांगता नेजात थांबतो, त्या बाईला दुकान सांभाळायला सांगतो आणि गाडी काढून काळ्या समुद्राकडे निघतो. बाप मासे धरायला गेलेला असतो. नेजात आपल्याकडे पाठ करून वाळूवर बसतो. नामावली वर सरकत जाते. बापाची होडी अजून दिसलेली नसते.