उच्च प्राथमिक स्तरावरील वर्गप्रकल्प व ऑनलाइन अध्ययन उपक्रम : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २९ नुसार मुलांचे अध्ययन कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे व्हावे, अशी अपेक्षा आहे. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाद्वारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती स्वीकारली आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत प्रकल्पाला स्थान मिळाले. परंतु साधनतंत्रांच्या यादीत नाव आले म्हणजे वर्गात प्रकल्प घडतोच असे नाही. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रकल्पातील नेमके कोणते काम येते आणि ऑनलाइन माध्यमाने त्यात काय बदल घडवला, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रकल्पाची संकल्पना :

विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधात प्रकल्पाचे चार टप्पे मांडले : हेतुनिश्चिती, नियोजन, कार्यवाही व परीक्षण. या मांडणीत हेतू विद्यार्थ्याचा स्वतःचा असणे महत्त्वाचे आहे. वही, तक्ता किंवा प्रतिकृती हे प्रकल्पाचे फलित होय; तो स्वतः प्रकल्प नव्हे. हा भेद सुटला की मूल्यमापन आपोआप वस्तूचे होऊ लागते.

उपनगरांतील व्यवहार :

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील शाळांच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत प्रकल्पाला लागणारे चित्रतक्ते, चार्टपेपर आणि तयार प्रतिकृतीही मिळतात. पाठाखालच्या उपक्रमात माहिती मिळवणे व चित्रे जमवणे एवढेच सुचवलेले असेल, तर पालक दुकान गाठतात किंवा इंटरनेटवरील मजकुराची छापील प्रत काढतात. अशा वेळी हेतू पाठ्यपुस्तकाचा, नियोजन शिक्षकाचे, कार्यवाही पालकाची आणि परीक्षण पुन्हा शिक्षकाचे असते. विद्यार्थ्याकडे उरते ते मुखपृष्ठावर नाव घालणे. याचा दोष पालकांना देणे सोपे असले तरी योग्य नाही. ज्या कामात शोधण्यासारखा प्रश्नच नाही, ते काम कोणी केले याने फारसा फरक पडत नाही. शिवाय सुबक वहीला अधिक गुण मिळाले, तर ते प्रत्यक्षात घरच्या आर्थिक स्थितीला दिलेले गुण ठरतात.

ऑनलाइन उपक्रमांचे स्वरूप :

मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या, तेव्हा या व्यवहाराची वेगळ्या माध्यमात परीक्षा झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी प्रक्षेपित झाली. घर-परिसरातील कृतींवर तिचा भर होता आणि दूरचित्रवाणीमुळे ती स्मार्टफोन नसलेल्या घरांतही पोहोचू शकली. मात्र मुलाने केलेली कृती पडद्यापलीकडे पोहोचण्याचा मार्ग त्यात नव्हता. त्याच वर्षी व्हॉट्सॲपद्वारे राबवलेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात मुलाचा प्रतिसाद पोहोचत होता, पण तो बहुपर्यायी प्रश्नाच्या उत्तरापुरताच. एकात कृती होती, दुसऱ्यात प्रतिसाद होता. दोन्ही एकत्र आणणारा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती आला नाही. संकटकाळात उभारलेल्या या उपक्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांना प्रकल्पाचा पर्याय मानणे चुकीचे ठरेल.

पर्यायाची दिशा :

ऑनलाइन माध्यम प्रकल्पात केव्हा अपरिहार्य ठरते? एका वर्गाला जे एकट्याने पाहता येत नाही, ते अनेक वर्गांना मिळून पाहायचे असते तेव्हा. उपनगरांचाच दाखला घ्यावा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्यात ती सुमारे ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरात जवळजवळ तेरापट तफावत! पाऊस सगळीकडे सारखा पडतो का, हा प्रश्न येथून सातवीच्या वर्गात सहज उभा राहतो आणि त्याचे तयार उत्तर दुकानात मिळत नाही.

सरळ बाजूंची बाटली, फुनेल व पट्टी यांतून पर्जन्यमापक तयार होतो. तो भिंतीपासून व झाडापासून किती दूर ठेवावा, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. हवामान खात्याची चोवीस तासांची नोंद सकाळी ८.३० ला पूर्ण होत असल्याने तीच वेळ का पाळायची, याचीही चर्चा व्हावी. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी व बोरिवली येथील चार शाळांनी जुलैभर अशी नोंद ठेवून रोज परस्परांना कळवली, तर प्रत्येक वर्गाला इतर तिघांची गरज भासेल. दोन मुलांचे वाचन जुळले नाही, तर मापनातील त्रुटीचा धडा तेथेच मिळेल. आकडे कुलाबा व सांताक्रूझच्या अधिकृत नोंदींशी ताडून पाहता येतील. यासाठी प्रत्येक मुलाकडे फोन असण्याची आवश्यकता नाही. शाळेचा एक फोन आणि एक नोंदवही पुरेशी आहे.

मर्यादा व निष्कर्ष :

मोठी पटसंख्या, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी पुन्हा लागू झालेली वार्षिक परीक्षा या अडचणी वास्तव आहेत. त्यामुळे प्रत्येक विषयाचा स्वतंत्र प्रकल्प मागण्याऐवजी एका सत्रात एकच प्रकल्प घेणे व्यवहार्य ठरेल. वरील नोंदींतून विज्ञान, भूगोल व गणित या तिन्ही विषयांचे काम साधते. गुणदानात सजावटीऐवजी नोंदींतील सातत्य, चुकलेल्या नोंदीचे स्पष्टीकरण आणि मुलांनी स्वतः विचारलेले प्रश्न यांना स्थान द्यावे.

अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांवर याची विशेष जबाबदारी येते. भावी शिक्षकाकडून आपणही सुशोभित फाइलच मागत राहिलो, तर तो वर्गात जाऊन तेच मागेल. प्रकल्प कागदावर असो वा पडद्यावर, त्यातील प्रश्न मुलाचा आहे की नाही, हीच त्याची पहिली कसोटी होय.