शिंपल्यावरची चांदी आणि गळावरचा मासा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण शुक्तिरजतापाशी थांबलो होतो. वाळूत शिंपला पडलेला, आपल्याला दिसते चांदी, आपण वाकतो आणि हाती येतो शिंपलाच. आज तिथूनच पुढं जायचं होतं. पण इथं त्र्यंबकला पोचल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं टेबलावर तीन लाकडी मासे आणून ठेवले आणि विषय बदलला. खरं तर तो तोच राहिला.

हे गळाला लावायचे नकली मासे. पोरं त्यांना ल्यूर म्हणतात. (कुशावर्तावर नव्हे बरं का, खाली गंगापूर धरणावर.) आपल्याकडं गळाला गांडूळ लावतात, नाहीतर पिठाची गोळी. ती खरोखर खाण्याची असते. मासा फसतो तो फक्त आतल्या काट्याबाबत. इथं सगळाच देह खोटा. हलकं लाकूड कोरायचं, पाणी शिरू नये म्हणून त्याची छिद्रं बुजवायची, मग पांढरा हात. पोटाला मोतिया, कुशीला चंदेरी, पाठीला काळपट हिरवा. प्रत्येक थर पातळ, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. खवल्यांची युक्ती तर गमतीची आहे. जाळीचं कापड अंगावर ताणून बसवायचं, वरून रंगाचा फवारा मारायचा. कापड सोडवलं की खवले उमटलेले. शेवटी इपॉक्सीचा पारदर्शक लेप. तो ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत मासा गोल फिरवत ठेवावा लागतो.

त्यानं विचारलं, "सर, खरा वाटतो ना?" आम्ही म्हटलं, "हुबेहूब!" सातपूरची नोकरी सोडून हा मुलगा आता यावरच पोट भरणार आहे. त्याला इतकं सोपं उत्तर द्यायला नको होतं.

का, ते बघा. खऱ्या माशाची पाठ गडद आणि पोट फिकट का असतं? उजेड वरून पडतो, त्यामुळं पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. रंगांची उलटी मांडणी हा फरक पुसून टाकते आणि माशाचा गोलवा दिसेनासा होतो. हे नेमकं हेरलं ते अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकारानं. त्यावरचं मोठं पुस्तक 1909 साली आलं. म्हणजे निसर्गानं हे थर दिले ते लपण्यासाठी. आमचा विद्यार्थी तेच थर निष्ठेनं उतरवतो, आणि कशावर? ज्या वस्तूचं काम दिसणं हे आहे, तिच्यावर! अनुकरण जितकं अचूक, तितकं ते स्वतःच्याच हेतूच्या आड येतं.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 मध्ये पहिला मासा केला तो बुचाच्या लाकडाचा. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचं लाखेसारखं रोगण दिलं. त्यांची नजर रंगावर नव्हती. कळपातला जो छोटा मासा डगमगत पोहतो त्याच्यावरच मोठा झडप घालतो, हे त्यांनी होडीत बसून पाहिलं होतं. पुढं टिंबर्गन यांनी स्टिकलबॅक माशांवर प्रयोग केले. पोट लाल नसलेल्या हुबेहूब प्रतिकृतीपेक्षा लाल पोटाच्या ओबडधोबड ठोकळ्यावर नर जास्त तुटून पडले.

मग हे खवले कुणासाठी? आपल्यासाठी. गिऱ्हाइकासाठी. सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी आंबा घ्या. तो लाकडी आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असून क्षणभर फसण्याचेच तो पैसे देतो. तिथं प्रेक्षक एकच. इथं दोन आहेत, आणि काटा लागतो तो ज्याला कुणी विचारलं नाही त्याला. ही बाजू आमच्यानं सोडवत नाही, तेही सांगून ठेवतो.

एक कबुली द्यायची आहे. प्रभाकर मीमांसक म्हणतात, भ्रम असा काही नसतोच. समोर जे दिसतं आणि जे आठवतं, त्यांतला भेद लक्षात येत नाही, एवढंच. वर्षानुवर्षं हे मत आम्ही वर्गात ओढूनताणून बसवलेलं म्हणून शिकवलं आणि नैयायिकांच्या बाजूनं उभे राहिलो. पण मरळीसारख्या शिकारी माशाचा विचार करा. त्याला 'खोटा मासा खरा' दिसतो, असं म्हणवत नाही. त्याला एक चमक दिसते, एक डगमग दिसते, आणि तो भक्ष्यावर जातो तसा तिच्यावर जातो. भेद पाहायला त्याला सवडच नाही. इथं प्रभाकर जास्त जवळचे वाटतात. मात्र शिंपल्याला चांदी म्हणून कुणी रंगवलेलं नसतं, हा मुद्दा दोघांच्याही उदाहरणात आम्हाला सापडत नाही.

आता टेबलावरचे हे तिघे. पहिल्या दोघांवर खवला न् खवला आहे, कल्ल्यापाशी गुलाबी झाकसुद्धा. हात तयार आहे, शंका नाही. तिसरा साधा: गडद पाठ, कुशीवर एक रुंद चंदेरी पट्टा, बस. खवले नाहीत, डोळा जरा जास्तच मोठा. आम्हाला विचाराल तर काम हे. पहिल्या दोघांत तो आमच्याकडं बघतोय, तिसऱ्यात पाण्याकडं.

विक्रीसाठी आणलेत ते पहिले दोन. तिसरा पिशवीत चुकून आला, असं तो म्हणाला. त्याच्या कुशीवर दातांचे ओरखडे आहेत. पुढच्या रांगेतल्यांनी हातात घेऊन बघायला हरकत नाही, काटे काढलेले आहेत.