न्यायासन आणि वाचक

गेल्या महिन्यात येथील मराठी वाचनालयाच्या सभागृहात एका ज्येष्ठ कादंबरीकारांचे ‘कायदा आणि साहित्य’ या विषयावर जाहीर व्याख्यान झाले. सभागृह भरलेले होते, भाषण ओघवते होते आणि त्यामागील व्यासंगही खरा होता. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे : कायदा कृत्य पाहतो, साहित्य माणूस पाहते, कायद्याचे शब्द कोरडे, साहित्याचे ओलावा असलेले, म्हणून न्यायालयात हरलेल्या माणसाचे अखेरचे अपील वाचकाच्या न्यायासनापुढे चालते. या वाक्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या. घरी परतताना मात्र मनात शंका उभी राहिली, आणि ती येथे मांडावी असे वाटते.

व्याख्यात्यांनी मुख्य आधार घेतला तो टॉलस्टॉयच्या १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीचा. कात्यूशा मास्लोवावर विषप्रयोगाचा आरोप आहे. तिचा जीव घेण्याचा हेतू नव्हता, असे ज्यूरीचे मत असते. पण उत्तर लिहिताना नेमके तेवढेच शब्द राहून जातात, आणि तिला चार वर्षे सक्तमजुरी होते. कायद्याचा आंधळेपणा तो हाच, असे व्याख्याते म्हणाले. परंतु ही चूक कायद्याची कितपत आहे? मुख्य न्यायाधीशांना काम लवकर आटोपून एका स्त्रीच्या भेटीला जायचे आहे. ज्यूरीतील मंडळी कंटाळली आहेत. आणि ज्याने पूर्वी कात्यूशाला नादी लावून टाकून दिले तो नेख्ल्यूडोव्ह त्याच ज्यूरीत बसला आहे. नियम पाळला असता तर ती सुटली असती. नियम पाळण्याइतके लक्ष कोणापाशी नव्हते. टॉलस्टॉय वाचकाला न्यायासनावर बसवीत नाही. जो निवाडा करावयास बसला तोच मूळ अपराधी आहे, हे दाखवून तो न्यायासनच डळमळीत करतो. व्याख्यात्यांनी कथा सांगितली. नेख्ल्यूडोव्हच्या खुर्चीविषयी मात्र ते फारसे बोलले नाहीत.

आपल्या भाषेत याहून जवळचे उदाहरण आहे, आणि त्याचा उल्लेख व्याख्यानात झाला नाही याचे आम्हांस नवल वाटले. ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणलेले विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे ते नाटक. अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालविण्याचा प्रयोग करणारी मंडळी एका गावी येतात. सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्टाची रीत समजावी म्हणून आधी एक गमतीचा खटला चालतो, आणि लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पुढे गंमत संपते आणि शिकार सुरू होते.

हे नाटक न्यायसंस्थेवरील टीका म्हणून शिकविले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. या कोर्टात काय काय घडते ते पाहावे. काशीकर न्यायाधीश असून स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकील होतात. ऐकीव गोष्टी पुरावा ठरतात. ज्याच्यामुळे हे सारे उद्भवले तो प्राध्यापक दामले गैरहजर, आणि तरीही निर्दोष! कोणत्याही खऱ्या न्यायालयात यांपैकी एकही गोष्ट चालली नसती. या मंडळींनी कायद्याचा झगा घेतला आणि कायद्याने घातलेली बंधने तेवढी बाहेर ठेवली. भ्रूणहत्येसाठी दोषी ठरवून शेवटी शिक्षा दिली जाते ती पोटातील जीव नष्ट करण्याचीच. ही विसंगतीही तेथे कोणाला खटकत नाही. तेव्हा ज्यांना आपण कोरडे म्हणतो ते पुराव्याचे, उलटतपासणीचे, आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याचे नियम हेच बेणारेबाईंचे एकमेव संरक्षण ठरले असते.

अभिरूप न्यायालयाची शिक्षा खोटी. पण या नाटकात एक शिक्षा खरी आहे. काशीकरांच्या साक्षीतून उघड होते, की बाईंना नोकरीवरून काढण्याचा निर्णय संस्थाचालकांनी घेतलेला आहे. तो ना कोर्टात झाला, ना बाईंना विचारून.

येथे आम्हांस स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका शाळेच्या समितीत आम्ही होतो. एका शिक्षिकेच्या खाजगी आयुष्याविषयी कुजबुज सुरू झाली. लेखी तक्रार नव्हती. बाईंना बोलावले नाही. दहा मिनिटांत ठराव झाला आणि आम्ही त्याखाली सही केली. त्याच वर्षी दहावीच्या वर्गात आम्ही करुणरस शिकवीत होतो. साहित्याने आमचे मन ओले केले असेल. आमचा हात त्याने थांबविला नाही. तो थांबविला असता एखाद्या कोरड्या नियमाने, कोणी तो वाचून दाखविला असता तर.

म्हणून व्याख्यात्यांशी आमचा मतभेद आहे तो एवढाच. वाचकाला अखेरचा न्यायाधीश म्हणणे हे त्याला सुखावणारे आहे. पण न्यायाधीश होण्याची हौस हाच तर या नाटकाचा विषय आहे! बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत चालू असताना रंगमंचावरील सारी पात्रे निश्चल असतात. ते ऐकतो फक्त प्रेक्षक, आणि त्यालाही निकाल देण्याचा अधिकार नाटककाराने ठेवलेला नाही. त्याने फक्त ऐकावयाचे आहे.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हे नाटक वर्गात घेताना ‘दोषी कोण?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर मुले फार उत्साहाने देतात. त्याऐवजी विचारावे : या खोलीत बाईंचे म्हणणे कोणी ऐकले? उत्तर येण्यास वेळ लागेल. तेवढा वेळ द्यावा.