पवनारचा बंगला आणि आपली सुट्टीची वर्णने

आमच्याकडे छापण्यासाठी येणाऱ्या मजकुरात अलीकडे एका प्रकाराची भर पडली आहे. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले-मुली सुट्टीची वर्णने लिहून पाठवतात. मागच्या खेपेला असाच एक लेख आला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतलेले जुने दगडी घर, खिडकीतून दिसणारा समुद्र, ओहोटीला उघडी पडणारी वाळू, गावातला चहा, आणि या सर्वांचा पौंडांतला खर्च. भाषा निर्दोष होती. तरीही लेख वाचून संपला तेव्हा त्या घरात आपण राहून आलो असे वाटले नाही, त्या घराची जाहिरात वाचली असे वाटले. असे का व्हावे, याचा विचार करताना आम्हांला पवनारच्या एका बंगल्याची आठवण झाली.

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर धाम नदीच्या काठी पवनार आहे. तिथल्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा एक बंगला होता. 1938 साली विनोबांची प्रकृती फार खालावली, वजन 88 पौंडांवर आले. गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला दिला. विनोबांनी पवनारचा हा बंगला निवडला. 7 मार्च 1938 रोजी मोटारीने नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी 'मी सर्व सोडले' या अर्थाचे संस्कृत शब्द तीनदा उच्चारले, कामाची चिंता अलीकडच्या काठावर ठेवली आणि पलीकडे गेले. धामच्या पलीकडचे म्हणून त्या जागेचे नाव झाले परंधाम. तिथे त्यांनी कुदळ हाती घेतली, रोज थोडे थोडे खणणे वाढवीत नेले, आणि काही महिन्यांत वजन 128 पौंडांवर पोहोचले. खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पे निघाली, त्यांत एक भरत-रामाच्या भेटीचे. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशींनी मांडले आहे. तेव्हा तिथल्या मातीत कुदळ लागावी आणि मूर्ती निघावी, यात नवल तेवढेसे नाही.

कालिंदीबहनांनी संकलित केलेल्या 'अहिंसा की तलाश' या आत्मकथनात विनोबांनी ही हकीकत सांगितली आहे. तिचे इंग्रजी भाषांतर केले मार्जरी साइक्स या मूळच्या इंग्रज विदुषीने; तिने आपले उभे आयुष्य भारतात वेचले. ही हकीकत म्हणजे खरे तर एका सुट्टीचे वर्णन आहे. डॉक्टरी कारण, ऐपतदार स्नेह्याचे रिकामे घर, पाण्याचा काठ, काही महिन्यांचा मुक्काम. इंग्लंडमधली समुद्रकाठची सुट्टीही अशीच औषध म्हणून जन्मली. रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने 1750 साली समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि आजारी श्रीमंत ब्रायटनकडे धावू लागले. गिरणीतल्या मजुराला पगारी रजा मिळावी यासाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला तो मात्र 1938 साली, म्हणजे विनोबा धाम ओलांडून गेले त्याच वर्षी. मधली पावणेदोनशेहून अधिक वर्षे ती चैनच राहिली होती.

मग विनोबांचे वर्णन मनात का राहते? आमच्या मते त्याचे कारण असे की, देखाव्यावर ते जवळजवळ थांबतच नाहीत. धामचे पात्र, मावळतीचा प्रकाश यांवर सहज दोन पाने लिहिता आली असती. त्यांनी सांगितले ते एवढेच, की येताना काय टाकले आणि राहताना हातांनी काय केले. जागेचे रूप वाचकाला त्या कुदळीतून कळते. माती किती कठीण होती हे ते न सांगताही जाणवते, कारण खणणारा माणूस 88 पौंडांचा आहे हे आपल्याला ठाऊक असते.

या हकीकतीत उणीव नाही असे नाही. बंगला ज्याचा, त्या यजमानाविषयी आपल्याला आणखी ऐकायचे असते. तिथे स्वयंपाक कोण करीत होते, गावातली माणसे या दुबळ्या पाहुण्याकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे आम्हांला भरत-रामाच्या शिल्पाइतकेच मोलाचे वाटले असते. विनोबांची दृष्टी प्रसंगातून तत्त्वाकडे फार लवकर जाते. संताच्या लेखणीचा हा गुण असेल; गद्याचा नव्हे.

ही उणीव भरून काढणारे पुस्तक पवनारपासून फार दूर नसलेल्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहिलेल्या एका इंग्रज स्त्रीने लिहिले. मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड, आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. तिच्या आत्मचरित्रात, जे 1960 साली प्रसिद्ध झाले, सरे परगण्यातले आजोबांचे घर येते आणि पुढे शेगावची कुटीही येते. घोडे, झाडे, तबेले यांवर तिचे प्रेम असे काही ओसंडते की कधी कधी माणसे मागे पडतात. पण ज्या हाताने तिने इंग्लिश खेड्यातले बालपण रंगवले, त्याच हाताने मातीची भिंत रंगवली. एक घर आठवणीचे व दुसरे कर्तव्याचे, असा भेद तिच्या लेखनात दिसत नाही. बापूकुटी मुळात तिच्यासाठीच बांधलेली होती, हे सेवाग्रामला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते कोण जाणे.

त्याच 1960 साली आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' आले. त्यानंतर विलायतेचे वर्णन करणाऱ्या मराठी माणसाला विनोद केल्याशिवाय चैनच पडेनासे झाले. पुलंचा दोष नाही. ते स्वतःवर हसत होते. अनुकरण करणारे चहावर आणि हवेवर हसू लागले, आणि स्वतः मात्र चित्रात अगदी नीटनेटके उभे राहिले.

आता त्या कॉर्नवॉलच्या लेखाविषयी. चौदा पानांत एकच वाक्य असे होते की ज्यापाशी आम्ही पुन्हा पुन्हा परतलो. लेखकाने आपल्या आईला गावाहून तिथे नेले होते. सगळे फिरायला गेले की ती घरात मागे राहून भांडी घाशीत असे, आणि एके दिवशी म्हणाली, या समुद्राला मासळीचा वास का येत नाही? लेखकाने हे वाक्य जाता जाता लिहिले आणि पुढच्या ओळीत दीपगृहाच्या पायऱ्या मोजल्या. अर्नाळ्याला किंवा राजोडीला शनिवार-रविवारी खोल्या भाड्याने देणाऱ्या आपल्या घरांतल्या कितीतरी बायका या आईच्या जातकुळीच्या आहेत. दुसऱ्याच्या सुट्टीची भांडी त्यांनी जन्मभर घासली. आणि मुलाने स्वतःची सुट्टी दाखवायला नेले, तेव्हाही त्यांच्या हाताला काम सापडले ते तेच. त्या आईने पूल ओलांडताना अलीकडे काय ठेवले होते, किंवा काहीच ठेवता आले नव्हते का, हे लेखकाने तिला विचारले असते तर लेख तिथून सुरू झाला असता.

आम्ही तो लेख परत पाठवला आहे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, की दीपगृह ठेवायचे तर ठेवा, खर्चाचा तक्ता काढा, आणि आईला फोन करा.