गुरूवाचून साधना : ज्यांग वेइछ्याओ ह्यांच्या ‘निवांत बैठकी’च्या ग्रंथाचे परीक्षण

ताओपंथी ध्यानसाधनेविषयीच्या वाङ्मयाकडे वळणारा मराठी अभ्यासक बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाशी जाऊन थांबतो. एका टोकाला लाओत्झू आणि च्वांगत्झू ह्यांचे प्राचीन ग्रंथ; दुसऱ्या टोकाला ‘सुवर्णपुष्पाचे रहस्य’ हा रिचर्ड विल्हेल्म ह्यांनी १९२९ साली जर्मन भाषेत आणलेला आणि युंग ह्यांच्या भाष्यामुळे जगभर गाजलेला ग्रंथ. ह्या दोहोंच्या मध्ये विसाव्या शतकातील जे चिनी साधनावाङ्मय आहे, त्याची दखल फारशी घेतली जात नाही. शांघाय येथील कमर्शियल प्रेसने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेला ज्यांग वेइछ्याओ ह्यांचा ‘यिनशित्झूची निवांत बैठकीची पद्धती’ हा लहानसा ग्रंथ ह्याच मधल्या प्रदेशातील होय. त्याचे महत्त्व असे की, ताओपंथी ध्यान गुरूवाचून, केवळ छापील पानांवरून शिकलेल्या मनुष्याने तो लिहिला आहे. आणि इतरांनीही ते तसेच शिकावे ह्या उघड हेतूने लिहिला आहे. हा हेतू कितपत सिद्धीस गेला, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

ज्यांग ह्यांचा जन्म १८७३ साली ज्यांगसू प्रांतातील वूजिन येथे झाला. बालपणापासून प्रकृती अशक्त. किशोरवयात दुखणे वाढले, तेव्हा वडिलांनी त्यांच्या हाती वांग आंग ह्या सतराव्या शतकातील वैद्यक-ग्रंथकाराचे औषधयोगांचे एक संकलन दिले. ह्या संकलनाची मौज अशी की, शेकडो काढे आणि चूर्णे सांगून झाल्यावर त्याच्या शेपटाला औषधावाचून निरोगी राहण्याचे एक लहानसे प्रकरण जोडलेले आहे. ‘लघु स्वर्गीय परिक्रमा’ म्हणजे ओटीपोटातील दानथ्येन ह्या स्थानी जागृत झालेली ‘ची’ माकडहाडातून पाठीच्या कण्याने मस्तकापर्यंत चढवून पुढच्या अंगाने पुन्हा खाली आणण्याची क्रिया, ती ह्या प्रकरणात थोडक्यात आली आहे. ज्यांग ह्यांची साधना सुरू झाली ती ह्या तुटपुंज्या आधारावर. ती नेटाने चालली असे मात्र नाही. दुखणे वाढले की बसावे, उतार पडला की सोडून द्यावे, असा क्रम बरीच वर्षे चालला, आणि ग्रंथकाराने तो लपविलेला नाही. १८९९ मध्ये धाकट्या-थोरल्या भावंडांपैकी एक बंधू क्षयाने गेला. पाठोपाठ ज्यांग ह्यांनाही खोकला जडला आणि रक्त पडू लागले. १९०० साली त्यांनी औषधे बंद केली, कुटुंबापासून वेगळे राहून एका शांत खोलीत मुक्काम केला आणि कडक दिनक्रम आखला. पहाटे आसन, उजाडल्यावर गावाबाहेर सावकाश फेरी, परतल्यावर लाओत्झू, च्वांगत्झू व बौद्ध सूत्रे ह्यांचे वाचन, पुन्हा आसन, दुपारी तंतुवाद्याचे वादन, सायंकाळी व रात्री पुन्हा आसन. पंच्याऐंशी दिवसांनी परिक्रमेचा मार्ग मोकळा झाला, असे ते नमूद करतात.

हा दिनक्रम येथे विस्ताराने देण्याचे कारण आहे. ग्रंथाचे वाचक, आणि काही प्रमाणात स्वतः ग्रंथकारही, रोगमुक्तीचे श्रेय आसनाला देतात. परंतु मोकळी हवा, विश्रांती, नियमित आहार, चिंतेपासून दूर राहणे ह्या सर्व गोष्टी त्या क्षयरोग्याला एकाच वेळी लाभल्या होत्या, आणि त्या काळी युरोपातील आरोग्यधामांतही रुग्णाला देण्यासारखे ह्याहून फारसे वेगळे काही नव्हते. तेव्हा कोणत्या कारणाचे कोणते फल, हे ह्या एका अनुभवावरून ठरविता येत नाही. ज्यांग ह्यांच्या प्रांजळपणावर ह्यामुळे डाग येत नाही. निष्कर्षाची व्याप्ती तेवढी आखडती घ्यावी लागते.

ग्रंथाचे तीन भाग आहेत : तत्त्व, पद्धती आणि अनुभव. जुन्या ताओपंथी ग्रंथांत हीच साधना शिसे आणि पारा, व्याघ्र आणि ड्रॅगन, भट्टी आणि मूस ह्यांच्या सांकेतिक भाषेत सांगितलेली असते. हे संकेत केवळ अलंकार नव्हते. ते कुलूपही होते, आणि त्याची किल्ली गुरूच्या मुखात असे. ज्यांग ह्यांनी हे सारे शब्दभांडार हेतुतः बाजूला सारले आणि देशबांधवांच्या विद्या लपवून ठेवण्याच्या खोडीवर टीका केली. ह्या निर्णयामागे त्यांचा व्यवसाय उभा आहे, हे विसरता कामा नये. १९०३ मध्ये ते शांघायला आले, त्साय युआनपेइ ह्यांच्या शैक्षणिक चळवळीत सामील झाले, आणि कमर्शियल प्रेसच्या नव्या शालेय पाठ्यपुस्तकांच्या संपादनात त्यांनी मोठा वाटा उचलला. १९१२ मध्ये त्साय शिक्षणमंत्री झाले, तेव्हा ज्यांगही त्या खात्यात होते. ग्रंथाची भाषा ही पाठ्यपुस्तककाराची भाषा आहे. पाय कसे दुमडावेत, हात कोठे ठेवावेत, छाती व पोट ह्यांची स्थिती कशी असावी, डोळे, तोंड, वेळ, खोली हे सर्व विषय लहान लहान प्रकरणांत आणि कोणालाही समजेल अशा क्रमाने येतात. साधनावाङ्मयाच्या इतिहासात ही भाषा नवी होती. पद्धतीचा भाग आजही वाचनीय राहिला आहे, तो तिच्यामुळे.

तत्त्वविवेचनाचा भाग मात्र ग्रंथातील सर्वांत दुबळा म्हटला पाहिजे. वृक्षाचे मूळ जसे जमिनीत, तसे मनुष्याचे मूळ नाभीपाशी, ही उपमा काव्य म्हणून ठीक आहे. परंतु ग्रंथकार तिला पदार्थविज्ञानातील ‘गुरुत्वमध्या’ची जोड देतात, शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटात स्थिर झाला म्हणजे देह व मन दोन्ही निरोगी होतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. येथे शब्द विज्ञानाचा आणि अर्थ दानथ्येनचा, अशी गल्लत झाली आहे. गुरुत्वमध्य ही वस्तुमानाच्या वाटणीची बाब असून लक्ष एकाग्र केल्याने तो हलत नाही. जुन्या संकेतांचे कुलूप काढताना ग्रंथकाराने त्या जागी विज्ञानाच्या प्रतिष्ठेचे दुसरे कुलूप बसविले, असे म्हणणे कठोर वाटेल. परंतु वाचकाच्या दृष्टीने परिणाम तोच होतो. शिसे आणि पारा ह्यांपुढे वाचक निदान थबकत असे. गुरुत्वमध्यापुढे तो थबकत नाही, कारण तो आपल्याला समजला आहे अशी त्याची समजूत होते.

ही गुरुत्वमध्याची कल्पना एकट्या ज्यांग ह्यांची नव्हे. जपानात ओकादा तोराजिरो ह्यांच्या बैठकीच्या पद्धतीचा त्या वेळी मोठा बोलबाला होता, आणि ज्यांग ह्यांनी ओकादांचा व फुजिता रेइसाइ ह्यांचा निर्देश केला आहे. स्वदेशीची विद्या परदेशातून नव्या वेष्टनात परत आलेली पाहून त्यांची लेखणी सरसावली, हेही ग्रंथावरून दिसते. परंतु ओकादांच्या आणि ज्यांग ह्यांच्या मार्गांत एक मूलभूत भेद आहे. ओकादांचे शिष्य त्यांच्या समोर, समुदायाने बसत. ज्यांग ह्यांचा वाचक खोलीत एकटा असतो, आणि त्याचे काही चुकले तर सांगणारे कोणी नसते.

ह्या उणिवेचा सर्वांत बोलका पुरावा श्वसनाच्या प्रकरणात सापडतो. १९१४ च्या ग्रंथात श्वसनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘नैसर्गिक’ श्वसनात श्वास घेताना पोट पुढे येते व सोडताना आत जाते. दुसऱ्या प्रकारात ह्याच्या उलट, म्हणजे श्वास घेताना पोट आत आणि सोडताना बाहेर. ह्या उलट श्वसनाला ग्रंथकाराने ‘योग्य श्वसन’ असे नाव दिले, कारण ते त्यांना स्वतःला मानवले होते. पुढे वाचकांकडून तक्रारी येत गेल्या : हे जमत नाही. चाळीस वर्षांनंतर, १९५४ मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या अनुभवकथनाच्या ग्रंथात ज्यांग ह्यांनी स्वच्छ शब्दांत कबुली दिली की, आपल्याला मानवले म्हणून ते आपण सर्वांना सांगितले. ते सर्वांस योग्य नाही, सबब नैसर्गिक श्वसनच करावे. अशी कबुली साधनावाङ्मयात विरळा, आणि तिचे मोल मोठे आहे. पण ही दुरुस्ती झाली कशी? समोर बसलेल्या शिष्याचे आखडलेले पोट गुरूला दोन दिवसांत दिसले असते. येथे ते काम टपालाला करावे लागले. ज्यांनी पत्रे लिहिली नाहीत आणि जे उलट श्वसन करीतच राहिले, त्यांचे काय झाले, ह्याची नोंद कोणत्याच ग्रंथात असणे शक्य नाही.

पंच्याऐंशी दिवसांच्या आकड्याचेही असेच. त्वरित फलाची इच्छा धरू नये, असे ग्रंथकार बजावतात. परंतु अनुभवाच्या भागात आकडा एकदा छापला गेला म्हणजे वाचक दिवस मोजू लागणार, हे उघड आहे. पाठीच्या कण्यात ऊब जाणवणे, ओटीपोटात स्पंदन होणे ही वर्णने जो आधी वाचतो, तो त्याच संवेदनांची वाट पाहत बसतो. आणि वाट पाहणाऱ्याला त्या भासल्या तर त्या साधनेच्या की अपेक्षेच्या, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. फरक एवढाच की, तेथे वर्णन करणारा स्वतः निवृत्तिनाथांच्या परंपरेत उभा आहे आणि श्रोत्यालाही परंपरेची जाणीव देत आहे. ज्यांग ह्यांच्या ग्रंथात वर्णन आहे. परंपरा मुद्दामच गाळली आहे.

ग्रंथाचा प्रसार विलक्षण झाला. त्याला विरोधकही तोलामोलाचा लाभला. १९१७ मध्ये ‘नवे तारुण्य’ ह्या मासिकात शारीरिक शिक्षणावर टोपणनावाने लेख लिहिणाऱ्या तरुण माओ त्झ-तुंग ह्यांनी यिनशित्झूचा नामोल्लेख करून निवांत बैठकीपेक्षा हालचालीची बाजू उचलून धरली. एका वर्षाने, १९१८ मध्ये, ज्यांग ह्यांनी ग्रंथाचा उत्तरभाग काढला तो मात्र ह्या टीकेला उत्तर म्हणून नव्हे. त्यात ताओपंथी परिक्रमेची जागा थ्येनथाय संप्रदायाचे आचार्य चियी ह्यांच्या शमथ-विपश्यनेने घेतली आहे. सहाव्या शतकातील ह्या आचार्यांनी भारतीय ध्यानपरंपरेतून आलेली सामग्री नवशिक्यांसाठी सुबोध रीतीने मांडली होती. पाठ्यपुस्तककार ज्यांग तिच्याकडे ओढले गेले ह्यात नवल नाही. पण पूर्वभाग व उत्तरभाग ह्यांचा मेळ काय, पहिल्या पद्धतीने बसणाऱ्याने ती सोडावी की चालू ठेवावी, ह्याचे पुरेसे मार्गदर्शन वाचकाला मिळत नाही. ग्रंथकार पुढे सरकला. वाचक मागे राहिला.

येथे एका कालविपर्यासाकडे लक्ष वेधले पाहिजे. ज्यांग ह्यांना अलीकडे सर्रास चीगोंगचे आद्य प्रचारक म्हटले जाते. त्यांचा स्वतःचा शब्द ‘जिंगत्झ्वो’, म्हणजे निवांत बैठक, हा होता. ‘चीगोंग’ हे छत्रनाम १९४९ च्या सुमारास हपेइ प्रांतात ल्यू क्वेइचन व त्यांचे सहकारी ह्यांनी वैद्यकीय उपयोगासाठी रूढ केले. ल्यू स्वतः गुरुमुखाने शिकलेले. त्यांनी ती विद्या रुग्णालयात आणली, आणि तेथे गुरूच्या जागी निदान वैद्य होता. पुढे १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची लाट आली, तेव्हा पुस्तके व सार्वजनिक सभा ह्यांच्या आधारे लक्षावधी लोक साधना करू लागले, आणि ज्याला जुने लोक ‘अग्नी वाट चुकणे व माराचा प्रवेश होणे’ म्हणत, त्या विकृतींचे रुग्ण मनोरोगतज्ज्ञांकडे येऊ लागले. चिनी मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात ह्या अवस्थेला स्थान मिळाले, आणि १९९४ च्या अमेरिकन वर्गीकरणाच्या परिशिष्टातही तिची नोंद झाली. ह्याचे खापर ज्यांग ह्यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. त्यांची पद्धती सौम्य होती. तथापि छापील पान हाती घेऊन एकट्याने बसणारा साधक ही जी नवी व्यक्ती त्यांनी घडविली, तिचेच हे वंशज होत, हेही नाकारता येत नाही.

ज्यांग १९५८ मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना निवर्तले. १९५४ च्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद चार्ल्स लूक ह्यांनी १९६४ मध्ये आपल्या चिनी ध्यानविषयक पुस्तकात समाविष्ट केला, आणि पाश्चात्त्य वाचकांना ज्यांग परिचित झाले ते मुख्यतः त्या द्वारे. ह्या अनुवादाच्या वाचकांचे लक्ष परिक्रमेच्या वर्णनावर खिळते. वस्तुतः त्याच अनुभवकथनातील १९३७ ची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. चौसष्टाव्या वर्षी, ताओपंथी ध्यान ग्रंथांवरून शिकलेला हा मनुष्य मस्तकद्वार उघडण्याची तिबेटी वज्रयान पद्धती शिकण्यासाठी नानजिंग येथे इतर शिष्यांच्या रांगेत गुरूसमोर बसला. ह्या पद्धतीत साधना सिद्ध झाली की नाही, हे साधकाच्या सांगण्यावर सोडलेले नसते. गुरू शिष्याच्या टाळूवर पवित्र तृणाची एक काडी रोवून पाहतो.