नाळेतील मूलपेशी आणि यकृताचे पुनर्जनन : एका आश्वासनाची चिकित्सा

बीजशब्द : नाळेतील रक्त, नाळेची ऊती, मूलपेशी, सिऱ्होसिस, पेशी-पेढी

प्रस्तावना :

मराठीत ‘नाळ’ हा शब्द शरीराच्या अवयवापेक्षा नात्याच्या अर्थानेच अधिक वापरला जातो. जिथे नाळ पुरली तिथे माणूस बांधलेला राहतो, ही समजूत कोकणातून आणि घाटावरून येऊन ठाणे जिल्ह्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतही टिकून आहे. त्यामुळे नाळ पुरण्याऐवजी जतन करा, असे आवाहन जेव्हा खाजगी पेशी-पेढ्यांनी सुरू केले तेव्हा ते या मनाला परके वाटले नाही. बदलापूरजवळच्या खरवईसारख्या परिसरात, जिथे औद्योगिक वसाहतीच्या शेजारी नवी गृहसंकुले उभी राहिली आहेत, तिथल्या पगारदार दांपत्याला बाळाच्या जन्मापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ‘ऐंशीहून अधिक आजार’ हा प्रचारातील आकडा आता सर्वपरिचित आहे. त्याच्या जोडीला भविष्यातील उपयोग म्हणून यकृताचे विकार दाखविले जातात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या दाव्याचाच विचार केला आहे. यकृतासंबंधीचे संशोधन खरे आहे आणि काही अंशी आशादायकही आहे. परंतु ते ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तू पेढीत ठेवलेली नसते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

रक्त आणि ऊती :

नाळेतून दोन भिन्न प्रकारच्या पेशी मिळतात. नाळेतील रक्तात रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी असतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी रक्तक्षयाने आजारी असलेल्या मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. तेव्हापासून रक्ताच्या विकारांत हा उपचार प्रस्थापित झाला आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या पहिल्या यशातही रक्त रुग्णाचे स्वतःचे नव्हते.

दुसरा स्रोत म्हणजे नाळेतील रक्तवाहिन्यांभोवतीचा जेलीसारखा पदार्थ. थॉमस व्हार्टन या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने १६५६ साली त्याचे वर्णन केले म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. यातून मेसेनकायमल पेशी वेगळ्या करता येतात, आणि नाळेच्या पेशी वापरून झालेल्या यकृतविषयक चाचण्यांचा भर प्रामुख्याने याच पेशींवर आहे. प्रचारात मात्र रक्त आणि ऊती या दोहोंना ‘नाळेतील मूलपेशी’ असे एकच नाव दिले जाते. भाषेचा हा सैलपणा निरुपद्रवी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ नाळेतील रक्ताच्या पेढीलाच मान्यता दिली. नाळेची ऊती, वार, दात इत्यादींच्या व्यावसायिक साठवणुकीस परवानगी दिली नाही. म्हणजे यकृताच्या नावाने आशा दाखवायची ती ऊतीच्या बळावर, आणि साठवायचे ते रक्त, असा हा प्रकार आहे.

पेशींचे यकृत होते काय?

यकृताला पुनर्जननाची शक्ती निसर्गतःच लाभलेली आहे. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग वाढून मूळ आकारमानाच्या जवळ येतो. जिवंत दात्याकडून होणारे प्रत्यारोपण याच गुणावर उभे आहे. सिऱ्होसिसमध्ये तंतुमय व्रणऊती वाढत जाते आणि ही शक्ती खुंटते. तेव्हा बाहेरून पेशी दिल्यास त्या यकृतपेशी बनतील, ही पहिली कल्पना होती.

या कल्पनेला २००३ सालीच धक्का बसला. अस्थिमज्जेतील पेशींपासून उंदरांच्या यकृतात नव्या यकृतपेशी निर्माण झाल्याचे आधी दिसले होते. ‘नेचर’मधील दोन शोधनिबंधांनी दाखविले की त्या पेशी बदलल्या नव्हत्या, त्या मूळच्या यकृतपेशींशी एकजीव झाल्या होत्या. नाळेतील मेसेनकायमल पेशींना प्रयोगशाळेत यकृतपेशीसदृश रूप देता येते हे खरे, पण ‘सदृश’ हा शब्द येथे फार मोठे ओझे वाहतो. रुग्णाच्या शरीरात या पेशी मुख्यतः दाह कमी करणारे आणि दुरुस्तीला चालना देणारे घटक स्रवतात, असे आज मानले जाते. त्यांना यकृताचे बीज म्हणण्यापेक्षा आजारी यकृताचा आधार म्हणणे अधिक योग्य ठरेल.

२०१३ साली जपानमधील ताकानोरी ताकेबे आणि सहकाऱ्यांनी यकृताचा सूक्ष्म अंकुर तयार करून उंदरात रुजविला. त्यात नाळेच्या शिरेतील पेशी होत्या. परंतु त्यांचे काम रक्तवाहिन्या उभारण्याचे होते. यकृताचा भाग प्रेरित बहुक्षम मूलपेशींपासून घडविला होता.

रुग्णांवरील पुराव्यात सर्वाधिक उल्लेख होतो तो चीनमधील चाचण्यांचा. २०१२ मध्ये बीजिंग येथील गटाने सिऱ्होसिसच्या रुग्णांत नाळेतील मेसेनकायमल पेशी दिल्यावर जलोदर कमी झाल्याचे आणि यकृताचे कार्य सुधारल्याचे नोंदविले. ती चाचणी लहान होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत हिपॅटायटिस-बीमुळे सिऱ्होसिस झालेले २१९ रुग्ण होते, आणि पेशी मिळालेल्या गटात जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही. पण तो एका विशिष्ट विषाणूच्या रुग्णांपुरता आहे. मद्यामुळे वा मेदामुळे बिघडलेल्या यकृताला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

येथे मूलपेशींविषयीच्या एका जुन्या अनुभवाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. अस्थिमज्जेतील मूलपेशींना रक्तात आणणाऱ्या जी-सीएसएफ या औषधाने दिल्लीतील २०१२ च्या छोट्या चाचणीत तीव्र यकृतनिकामी रुग्णांचे आयुष्य वाढविले होते. जर्मनीतील मोठ्या चाचणीत २०२१ साली तो लाभ दिसला नाही.

कोणाची नाळ?

या सर्व चाचण्यांकडे पेढीत पैसे भरणाऱ्या पालकाच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. सिऱ्होसिस बहुधा प्रौढ वयात येतो आणि आजच्या बहुतेक प्रौढांची नाळ कोणी जपलेली नाही. चाचण्यांतील रुग्णांना मिळाल्या त्या दुसऱ्यांनी दान केलेल्या नाळेतील पेशी. म्हणजे हे संशोधन उद्या पूर्ण यशस्वी झाले तरी त्यातून सिद्ध होईल ते दानाचे महत्त्व, खाजगी लॉकरचे नव्हे. विल्सनच्या आजारासारख्या आनुवंशिक यकृतविकारात तर स्वतःच्या नाळेतील पेशींतही तोच जनुकीय दोष असतो. परिषदेनेही स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतील रक्त जपण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे, आणि रक्तविकारांखेरीज अन्य मूलपेशी-उपचार मान्य चाचणीतच, रुग्णाकडून शुल्क न घेता व्हावेत असा दंडक घातला आहे.

शिवाय हे रक्त ‘टाकाऊ’ असते, हे म्हणणेही तपासून घ्यावे लागेल. जागतिक आरोग्य संघटना नाळ किमान एक मिनिट तरी बांधू नये असे सांगते, कारण त्या अवधीत बाळाला लोह मिळते. रक्तक्षय इतका सार्वत्रिक असलेल्या आपल्या राज्यात त्या रक्ताचा पहिला हक्कदार बाळच होय.

यकृतविकाराच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचा एक धडा आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येतो. भारतीय बाल-सिऱ्होसिस हा एकेकाळी लहान मुलांचा जीव घेणारा रोग होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली ‘लान्सेट’मध्ये त्याचा संबंध पितळी भांड्यांत तापविलेल्या व साठविलेल्या दुधातील तांब्याशी जोडला. कल्हई नसलेल्या भांड्यातून तांबे दुधात उतरत असे. घराघरांतील भांडी बदलली आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. त्याच धर्तीवर नवजात बालकाला वेळेत मिळणारी हिपॅटायटिस-बीची लस आजही उपलब्ध आहे, आणि तिच्यासाठी पेढीत वार्षिक शुल्क भरावे लागत नाही.

खरवईतील यकृतरोग्याला आज प्रत्यारोपणासाठी ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. नाळेतील पेशींवरील चाचण्या सार्वजनिक रुग्णालयांत, दान केलेल्या नाळेवर आणि निःशुल्क होऊ लागल्या तर तो त्यांचा पहिला लाभार्थी होऊ शकेल. आज त्याला आपल्या नातवाच्या नावाने साठविलेली पिशवी दाखविली जाते.